एक प्रॅक्टिकल चुकलं, मिडटर्म पण गेली, आता कोर्स सोडू का?

वाचकाचं पत्र

ताई, मी तिसऱ्या वर्षाला आहे, या सेमिस्टरला डेव्हलपमेंटल बायोलॉजी (अंड्यापासून अख्खा जीव कसा घडतो तो विषय) घेतलंय. पहिल्याच दिवशी सरांनी भलामोठा सिलॅबस दिला, त्यातली अर्धी पानं नुसत्या नियमांची. प्रॅक्टिकल चुकलं तर परत मिळणार नाही, दहा मिनिटं उशीर झाला तर आत घेणार नाही, रिपोर्ट ज्याचा त्याने लिहायचा, एआय वापरायचं नाही, वर्गात बोलण्याला मार्क, आणि काय काय. मला ताप होता म्हणून कोंबडीच्या अंड्याचं प्रॅक्टिकल चुकलं, सरळ शून्य. त्याच्या आधीचा रिपोर्ट मी आणि माझ्या लॅब पार्टनरने मिळून लिहिला तर दोघींना मेल, 'उत्तरं एकसारखी आहेत, येऊन भेटा.' आणि पहिल्या मिडटर्मला सगळ्या नोट्स तोंडपाठ करून गेले तरी ५० पैकी १९. पेपरवर शेरा काय, तर 'माहिती आहे, पुरावा कुठे आहे?' दोन मिडटर्म २०-२० टक्के, फायनल ३०, दहा प्रॅक्टिकल मिळून २०, पेपर डिस्कशन (रिसर्च पेपरवर वर्गात चर्चा) १० अशी विभागणी आहे. सर मला पाण्यात बघतात असं वाटायला लागलंय. कोर्स सोडू का?
– वैतागलेली

उत्तर

अगं वैतागलेली, आधी एक काम कर. युनिव्हर्सिटीच्या कॅलेंडरमध्ये दोन तारखा शोध, कोर्स ड्रॉप करायची शेवटची आणि विथड्रॉ करायची शेवटची. या दोन्ही सहसा वेगवेगळ्या असतात बरं का, ड्रॉप केला तर बहुतेक ठिकाणी मार्कशीटवर काही राहत नाही आणि विथड्रॉ केला तर तशी नोंद राहते, आणि तुझी मिडटर्म होऊन गेलीये म्हणजे पहिली तारीख बहुधा उलटलेली असणार. म्हणजे तुझ्या हातात आहे ती दुसरी तारीख. ती भिंतीवर लिहून ठेव आणि निर्णय तिच्या दोन-तीन दिवस आधी घे, आज रात्री नको, तो १९ मार्कांचा पेपर समोर धरून तर अजिबात नको.

आता हिशोब करू, कारण तू पत्रात सगळं गेलं-गेलं म्हणतेयस पण आकडे तसं म्हणत नाहीत. ५० पैकी १९ म्हणजे २० पैकी ७.६, म्हणजे गेले १२.४. दहा प्रॅक्टिकलला २० तर एकाचे २, ते गेले. रिपोर्टचं प्रकरण अगदी वाईट निघालं आणि त्यालाही शून्य मिळालं तर अजून २. एकूण १६.४. म्हणजे मिळालेले ७.६ धरून १०० पैकी ८३.६ मार्क अजून तुझे होऊ शकतात, आणि तू दोन आठवड्यांत जो काही गोंधळ व्हायचा तो सगळा एकदम उरकून घेतलायस. सगळे ८३.६ मिळणार नाहीत हे मलाही कळतं गं, पण पास व्हायचा प्रश्न नाहीये इथे, आणि बरे मार्क मिळवायचा प्रश्न सुटण्यासारखा आहे.

त्या अंड्यांच्या प्रॅक्टिकलबद्दल तू सगळ्यात जास्त चिडलेली दिसतेस, तर त्यावर जरा सविस्तर बोलते. मेकअप नाही, म्हणजे चुकलेलं प्रॅक्टिकल परत नाही, हा नियम वाचला की कुणालाही वाटणार की काय हा आडमुठेपणा, केमिस्ट्रीवाले देतात की दुसऱ्या बॅचला बसायला. इथे गोची अशी आहे की फलित अंडी थंड ठेवली, २० डिग्रीच्या खाली, तर आतला भ्रूण काही दिवस थांबून राहतो, पण एकदा ती ३८ डिग्रीच्या आसपास इन्क्युबेटरमध्ये गेली की त्याची वाढ सुरू आणि मग तो कुणाच्या टाइमटेबलला विचारत नाही. समज तुमचं प्रॅक्टिकल मंगळवारी दुपारी २ ला आहे आणि सरांना ३६ तासांचा भ्रूण दाखवायचाय, तर ती अंडी सोमवारी पहाटे २ ला उबेत जायला हवीत, म्हणजे एकतर कुणीतरी रात्री जागं राहतं किंवा इन्क्युबेटरला टायमर लावावा लागतो. आणि ३६ तासच का, तर साधारण ३३ ते ३८ तासांच्या मधे हृदय धडधडायला लागतं आणि सोमाइटच्या, म्हणजे पुढे मणके आणि स्नायू होणाऱ्या पाठीतल्या ठोकळ्यांच्या, दहाएक जोड्या मोजता येतात. कोंबडीत सोमाइटची नवी जोडी साधारण दर ९० मिनिटांनी पडते. तू बुधवारी बरी होऊन दुपारी २ ला आली असतीस तर त्याच बॅचचा भ्रूण ६० तासांचा झालेला, पंचवीसहून जास्त जोड्या, डोकं वाकलेलं, हृदयाची नळी वळलेली, म्हणजे जे बघायचं होतं ते होऊनच गेलेलं. हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन या दोघांनी १९५१ मध्ये कोंबडीच्या वाढीचे ४६ टप्पे ठरवून दिले ते नेमके याच्यासाठी, कारण नुसते तास सांगून भागत नाही, उबेत एखाद-दुसऱ्या डिग्रीचा फरक पडला तरी तास गंडतात.

तू नव्हतीस म्हणून सांगते तिथे काय झालं असणार. अंडं आधी आडवं ठेवतात, म्हणजे बलकावरची भ्रूणाची चकती तरंगून वरच्या बाजूला येते. मग बोथट टोकाला बारीक भोक पाडून सिरिंजने थोडा पांढरा बलक ओढून घेतात, त्याने चकती कवचापासून खाली सरकते, नाहीतर कात्री सरळ तिच्यातच घुसते. वर चिकटपट्टी लावायची, बारीक कात्रीने लंबगोल खिडकी कापायची, आणि आत बघितलं तर पहिल्यांदा काहीच दिसत नाही, पिवळ्यावर फिकट पिवळं. मग चकतीच्या खाली पातळ केलेली काळी शाई सोडली की एकदम सगळं उठून दिसतं, न्यूरल ट्यूब (पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होणारी नळी), सोमाइट, आणि मधे ते मोहरीएवढंसुद्धा नसलेलं हृदय लुकलुकताना. हे तुझं खरंच चुकलं आणि त्याचं मला वाईट वाटतं, मार्कांपेक्षा याचं जास्त.

दहा मिनिटांच्या नियमाचंही तेच. झेब्राफिशचं प्रॅक्टिकल पुढे असेल तर स्वतःच बघशील, फलन झाल्यावर पाऊण तासाने अंड्याच्या दोन पेशी होतात आणि मग दर १५ मिनिटांनी दुप्पट, दोनाच्या चार, चाराच्या आठ. दहा मिनिटं उशिरा येऊन मायक्रोस्कोप नीट लावेपर्यंत एक अख्खं विभाजन गेलेलं असतं. (लेक्चरला मात्र दहा मिनिटांसाठी दार लावून घेणारे लोक असतात, त्यांचं समर्थन मी करणार नाही, तिथे कुठलाही भ्रूण वाट बघत नसतो.)

पण आता तुझ्या बाजूने. मेकअप नाही याचा अर्थ आजारी माणसाला शून्यच मिळालं पाहिजे असा होत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बऱ्याच सिलॅबसमध्ये त्या दोन वेगळ्या ओळींत लिहिलेल्या असतात. एक ओळ, प्रॅक्टिकल परत घेतलं जाणार नाही. दुसरी ओळ, गैरहजेरी माफ असेल तर काय, आणि तिथे बहुतेक करून असं असतं की ते मार्क उरलेल्या प्रॅक्टिकलवर वाटले जातील, किंवा दुसऱ्या ग्रुपचे फोटो आणि आकडे घेऊन रिपोर्ट लिहायचा, किंवा सगळ्यात कमी मार्कांचं एक प्रॅक्टिकल मोजलंच जाणार नाही. ती दुसरी ओळ शोध. ती खरंच नसेल तर युनिव्हर्सिटीचा आजारपणाचा जो मूळ नियम असतो तो सिलॅबसच्या वर असतो, तो बघ. आणि मग सरांना मेल टाक, लांबलचक नको, रडगाणं नको, 'सर मी खूप मेहनत करते' वगैरे तर नकोच, तो मेल सगळेच लिहितात. असं काहीतरी लिही:

'सर, अमुक तारखेच्या कोंबडीच्या भ्रूणाच्या प्रॅक्टिकलला मी तापामुळे येऊ शकले नाही, डॉक्टरांची चिठ्ठी जोडली आहे. प्रॅक्टिकल परत घेता येत नाही याची कल्पना आहे. माझ्या ग्रुपचे फोटो आणि सोमाइटची मोजणी वापरून रिपोर्ट लिहून दिला तर चालेल का, किंवा या प्रॅक्टिकलचे मार्क उरलेल्यांवर वाटता येतील का?'

बघ, यात तू त्यांचा नियम मोडायला सांगत नाहीयेस, दोन पर्याय हातात देतेयस, त्यांना फक्त हो म्हणायचंय. चिठ्ठी नसेल तर तसं सरळ सांग, खोटी आणू नकोस, ती भानगड शून्यापेक्षा फार महाग पडते. आणि ताप एकदाचा नसून तब्येतीचं काही कायमचं दुखणं असेल तर ते सरांना पटवत बसू नकोस, त्यासाठी विद्यार्थ्यांच्या सोयी-सवलतींचं जे ऑफिस असतं तिथून पत्र घे, मग तो एका प्राध्यापकाच्या मर्जीचा प्रश्न राहत नाही. अंडी-भ्रूण कापायलाच मनातून नको वाटत असेल तर तेही आधी सांगायचं असतं, त्याला पर्यायी काम मिळू शकतं, पण टेबलावर अंडं आल्यावर सांगितलं तर कुणाच्याच हातात काही नसतं.

आता मिडटर्म. खरं दुखणं इथे आहे आणि खरं सांगू का, हा शेरा वाचून मला तुझे सर आवडायला लागलेत. 'माहिती आहे, पुरावा कुठे आहे?' हे या अख्ख्या विषयाचं प्रश्नपत्रिकेचं सूत्र आहे.

तुझा पेपर मी बघितलेला नाही पण पैज लावून सांगते की स्पेमन आणि मँगोल्ड या भ्रूणशास्त्रज्ञांच्या प्रयोगावर प्रश्न होता आणि तू लिहिलंस की त्यांनी १९२४ मध्ये ऑर्गनायझर (शेजारच्या पेशींना काय बनायचं ते सांगणारा भ्रूणाचा तुकडा) शोधला, ब्लास्टोपोरचा (भ्रूणात पेशी आत शिरतात त्या भोकाचा) वरचा ओठ दुसऱ्या भ्रूणाच्या पोटाच्या बाजूला लावला तर दुसरा अक्ष, म्हणजे जवळजवळ दुसरं शरीरच, तयार झाला, स्पेमनला १९३५ मध्ये नोबेल मिळालं. सगळं बरोबर. आणि दहापैकी तीन. कारण विचारलेलं असतं की यावरून इंडक्शन (एका तुकड्याने शेजारच्या पेशींना वेगळं काही बनायला लावणं) झालं हे कशावरून म्हणता. मेख इथे आहे की त्यांनी दोन वेगळ्या जातीचे न्यूट (पालीसारखे दिसणारे उभयचर) घेतले होते, एकाच्या पेशी फिकट आणि दुसऱ्याच्या गडद, आणि तुकडा फिकटातून काढून गडदात लावला. म्हणजे नंतर कापून बघितलं की कुठली पेशी पाहुणी आणि कुठली घरची हे रंगावरून कळतं. आणि दिसलं काय, तर दुसऱ्या अक्षातला नोटोकॉर्ड (पाठीतला आधाराचा दांडा) बहुतांशी फिकट, पण न्यूरल ट्यूब बहुतांशी गडद, म्हणजे यजमानाच्या ज्या पेशी एरवी पोटाची कातडी झाल्या असत्या त्यांना या तुकड्याने मज्जासंस्था व्हायला लावलं. हा पुरावा. आता स्वतःला विचार, समजा ती न्यूरल ट्यूबसुद्धा फिकट निघाली असती तर? तर इंडक्शन सिद्ध झालंच नसतं, फक्त एवढंच म्हणता आलं असतं की लावलेला तुकडा आपलं आपलं वाढला. हा 'समजा उलटं निघालं असतं तर' प्रश्न तू प्रत्येक प्रयोगाला विचारायला लागलीस की अर्धा कोर्स तुझ्या खिशात.

(जाता जाता, तो प्रयोग हिल्डे मँगोल्डच्या पीएचडीचं काम होतं आणि त्यातले धड जगलेले भ्रूण बोटांवर मोजण्याइतके. तिचा १९२४ मध्येच अपघाती मृत्यू झाला, नोबेलच्या वेळी ती नव्हती.)

दुसरा नेहमीचा सापळा बायकॉइड या फळमाशीतल्या जीनचा. तुला पाठ असेल की बायकॉइडचं एमआरएनए (जीनची नक्कल, जिच्यावरून प्रोटीन बनतं) फळमाशीच्या अंड्याच्या पुढच्या टोकाला असतं, प्रोटीन तिथून मागे पसरत जातं, पुढे जास्त मागे कमी, आणि जास्त असेल तिथे डोकं-छाती बनते. छान. प्रश्न काय येतो, तर आईचे दोन्ही बायकॉइड बिघडलेले, बाप पूर्ण नॉर्मल, पिल्लांना डोकं असेल का? पाठांतरवाली मुलं लिहितात की बापाकडून एक चांगली प्रत आली म्हणजे असेल. नसतं. कारण ते एमआरएनए आई अंडं बनवतानाच भरून ठेवते, पिल्लाच्या स्वतःच्या जीनला इथे कुणी विचारत नाही. आता उलटं कर, आई आणि बाप दोघेही एक चांगली एक बिघडलेली प्रत असलेले, त्यांची पाव पिल्लं दोन्ही प्रती बिघडलेली निघतात, ती कशी दिसतील? नॉर्मल, डोक्यासकट. पण त्यातल्या माद्या मोठ्या होऊन अंडी घालतील तेव्हा त्यांचं एकही पिल्लू धड निघणार नाही. हे तुला वाचून कळलं म्हणजे झालं असं समजू नकोस, कोऱ्या कागदावर स्वतः मांडून बघ, आणि मग पुढचा प्रश्न स्वतः तयार कर, आईला बायकॉइडच्या दोनऐवजी चार प्रती दिल्या तर? (डोक्याची हद्द मागे सरकते. का ते तू लिही.)

आणि तिसरी गोष्ट, पुराव्याचे प्रकार. एखादा जीन डोळ्याच्या जागी चालू आहे हे दाखवलं तर तो फक्त योगायोगही असू शकतो. तो काढून टाकला आणि डोळा झाला नाही तर तो गरजेचा आहे. तो भलत्या जागी चालू केला आणि तिथे डोळा झाला तर तो पुरेसा आहे. १९९५ मध्ये आयलेस नावाचा जीन फळमाशीच्या पायाच्या आणि पंखाच्या होऊ घातलेल्या पेशींत चालू केला तर तिथे डोळे आले, उंदराचा तोच जीन, पॅक्स६, वापरला तरीही माशीचेच डोळे आले. मग पुरेसा आहे असं ठोकून द्यायचं का? इथे सर अजून दोन मार्क लपवून ठेवतात. सगळ्या पेशींत तो चालू केला तरी सगळीकडे डोळे येत नाहीत, ऐकायची तयारी असलेल्या पेशीतच येतात, त्याला कॉम्पिटन्स म्हणतात. म्हणून उत्तरात 'पुरेसा, पण अमुक पेशींत' असं लिहायचं. असंच स्पेसिफाइड आणि डिटरमाइंड या दोन शब्दांचं, व्याख्या घोकून उपयोग नाही, टेस्ट सांगता आली पाहिजे, तुकडा बाहेर काढून साध्या द्रवात एकटा ठेवला तरी ठरलेलंच बनला तर स्पेसिफाइड, आणि भ्रूणात दुसऱ्याच जागी लावला तरी हट्टाने तेच बनला तर डिटरमाइंड.

म्हणून आता अभ्यासाची पद्धत बदल. नोट्स परत परत वाचणं बंद. लेक्चर झालं की त्यातला एक प्रयोग घे आणि न बघता लिही, प्रश्न काय होता, काय केलं, कंट्रोल (तुलनेसाठी ठेवलेला, न छेडलेला नमुना) काय, काय दिसलं, आणि उलटं दिसलं असतं तर काय म्हटलं असतं. रु यांनी १८८८ मध्ये बेडकाच्या दोनपैकी एक पेशी तापलेल्या सुईने मारली तर अर्धा भ्रूण झाला, ड्रीश यांनी काही वर्षांत सी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या दोन पेशी हलवून वेगळ्या केल्या तर प्रत्येकीपासून लहान पण अख्खी अळी झाली, दोघांचे निकाल उलटे का? (मेलेली पेशी चिकटलेलीच राहिली होती.) हे स्वतःच्या शब्दांत अर्ध्या पानात लिहिता आलं की दुसऱ्या मिडटर्मला १९ पडणार नाहीत.

छोटी गोष्ट, जीनची नावं. माशीत जीनचं नाव बहुधा तो बिघडल्यावर काय होतं त्यावरून ठेवतात, म्हणून आयलेस हा डोळे बनवणारा जीन, आंधळेपणा आणणारा नाही, आणि परीक्षेच्या घाईत भलेभले इथे पडतात. जीनचं नाव तिरप्या अक्षरात, हाताने लिहिताना खाली रेघ, प्रोटीनचं सरळ. याला मार्क कापतात म्हणून कुरकुर करू नकोस, बायकॉइडचं एमआरएनए टोकाला आणि प्रोटीन पसरलेलं हे वर बघितलंसच, दोन्हीला एकाच तऱ्हेने लिहिलं तर तुला म्हणायचंय काय तेच कळत नाही.

रिपोर्टचं प्रकरण नाजूक आहे. एकत्र मोजणं, एकत्र फोटो काढणं, यातून काय निघतं यावर भांडणं, हे सगळं चालतं, नव्हे अपेक्षितच असतं. लिहायला बसायचं तेव्हा मात्र दुसरीचा स्क्रीन समोर नको. तुम्ही 'मिळून लिहिला' म्हणजे एक फाइल आणि दोन नावं असं झालं असणार, आणि सिलॅबसमध्ये ज्याचा त्याने असं लिहिलेलं असताना 'आम्हाला माहीत नव्हतं' हे चालत नाही. पण हेही लक्षात घे की मेलमध्ये 'येऊन भेटा' आहे, कारवाई नाही. भेटायला जा, वहीतल्या मूळ नोंदी आणि फाइलचे जुने ड्राफ्ट घेऊन जा, कुठला भाग कुणी लिहिला ते जसं आहे तसं सांग, पार्टनरवर ढकलू नकोस, तिच्याशी आधी ठरवून एकसारखी गोष्ट तर मुळीच रचू नकोस, शिक्षकांना ते पाच मिनिटांत कळतं. नवीन रिपोर्ट स्वतंत्र लिहून द्यायची तयारी आहे असं आपणहून म्हण.

एआयबद्दल थोडक्यात. नियम नाही म्हणतो तर नाही, आणि हा नियम तुझ्या बाजूचा आहे असं माझं मत आहे, कारण फायनलला त्या रिपोर्टमधलाच विचार तुला कागद-पेनाने करायचाय. शिवाय ही टूल्स नसलेले रेफरन्स अगदी आत्मविश्वासाने देतात. नुसतं इंग्रजी सुधारून घ्यायला चालतं का असा प्रश्न असेल तर अंदाज बांधू नकोस, मेलवर विचार, लेखी उत्तर जपून ठेव.

बोलण्याच्या मार्कांचं तू फक्त ओझरतं लिहिलंयस पण मला तोच एक नियम खटकला. न बोलणारी मुलं विचार करत नाहीत असं थोडंच आहे. सरांना विचार की वर्गात बोलायच्या ऐवजी रिसर्च पेपरमधल्या एखाद्या आकृतीवर लिहून आणलेला प्रश्न चालेल का, बरेच जण हो म्हणतात, त्यांनाही शांत वर्गापुढे उभं राहायचा कंटाळा आलेला असतो. आणि पेपर वाचताना पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत जाऊ नकोस, झोप येईल. सारांश वाच आणि थेट आकृत्यांवर जा. जांभळा डाग (जीन कुठे चालू आहे ते दाखवणारा रंग) दिसला की आधी विचार, हे एमआरएनए आहे की प्रोटीन, भ्रूणाचं डोकं कुठल्या बाजूला आहे (माशीत बहुधा डावीकडे, पाठ वर), आणि शेजारी कंट्रोलचा फोटो आहे का. कंट्रोल सापडला नाही तर तोच तुझा प्रश्न, हात वर कर किंवा लिहून दे.

मिडटर्मचा पेपर पुन्हा तपासायला देऊ का हे तू विचारलं नाहीस पण विचारशील, म्हणून सांगते. बहुतेक ठिकाणी अख्खा पेपर परत तपासतात, मार्क कमीही होऊ शकतात, आणि ठराविक दिवसांत लेखी द्यावं लागतं. बेरीज चुकली असेल किंवा पान तपासायचं राहिलं असेल तर जरूर दे. 'मला वाटतं जास्त मिळायला हवे होते' यासाठी देऊ नकोस. सर पाण्यात बघतात का याचं उत्तर मला इथून देता येणार नाही, पण पाण्यात बघणारा माणूस पेपरवर शेरा लिहायचे कष्ट घेत नाही, नुसता आकडा टाकून मोकळा होतो.

मग सोडायचा कधी? एकाच परिस्थितीत, तुझं जेनेटिक्स कच्चं असेल तर. सिलॅबसच्या वर जेनेटिक्स आणि सेल बायोलॉजी आधी झालेलं हवं असं लिहिलेलं असतं ते शोभेला नसतं. वरचं ते आई-बापाचं बायकॉइडचं गणित परत सोडव, मग दोन जीन एकाच मार्गात असतील तर दोन्ही बिघडलेला प्राणी कुणासारखा दिसेल अशा धर्तीची चार-पाच गणितं जुन्या पुस्तकातून काढ. एक आठवडा देऊन ती जमायला लागली तर थांब. आठवड्यानंतरही डोक्यावरून जात असतील तर विथड्रॉ कर, जेनेटिक्स परत नीट कर, आणि पुढच्या वर्षी ये, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, एका नोंदीपेक्षा एक नापास विषय जास्त बोचतो. स्कॉलरशिप किंवा हॉस्टेलसाठी किमान क्रेडिट लागत असतील तर फॉर्म भरायच्या आधी त्या ऑफिसला एक फोन कर.

ऑफिस अवर्सला (सरांनी भेटायला ठेवलेल्या वेळेत) जाशील तेव्हा 'सर मी काय करू' असं मोघम विचारू नकोस. मिडटर्ममधला एकच प्रश्न निवड, त्याचं नवीन उत्तर घरून लिहून ने आणि विचार की याला आता किती दिले असते. आणि रिपोर्टच्या त्या मेलला आजच उत्तर टाक, भेटायची वेळ माग, ते जितके दिवस पडून राहील तितका त्याचा भलता अर्थ निघेल.